तोल गेलेली खार आणि आपला केसपेपर

आपल्या स्मरणिकेसाठी डॉक्टरांनी लिहावे ते मधुमेह, रक्तदाब, लसीकरण किंवा मुलांचा आहार यांविषयी, असा एक संकेत पडून गेला आहे. संकेत चांगलाच आहे. यंदा मात्र मी खारीविषयी लिहिण्याचे ठरविले आहे. त्यातही तोल गेलेल्या, मान वाकडी करून एकाच जागी गोल गोल फिरणाऱ्या खारीविषयी. बालरोगतज्ज्ञाने हे कशासाठी लिहावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात आला तर तो योग्यच आहे. त्याचे उत्तर देण्यासाठीच हा लेख आहे.

अशी खार पाहिली नाही असा माणूस आपल्या वस्तीत विरळा. नवागाम-डिंडोलीच्या बाजूला घरे दाटीने उभी राहिली, तरी जुनी कडुनिंबाची, चिंचेची, पिंपळाची झाडे अधूनमधून टिकून आहेत आणि त्यांवर खारी आहेत. एखादे दिवशी त्यांतलीच एक अंगणात पडलेली दिसते. उठायला जाते आणि एका कुशीवर कलंडते. डोके एका बाजूला झुकलेले, डोळ्यांची बुबुळे झरझर हलत असलेली, मागचे पाय ओढत चाललेली. अशा वेळी आपल्याकडे तीन प्रकारची माणसे दिसतात. काही जण मोबाइल काढून त्या गिरक्यांचे चित्रण करतात आणि हसतात. काही जण ‘पिसाळली, पिसाळली’ म्हणत काठी शोधतात. तिसरा प्रकार लहान मुलांचा. ती शर्टाच्या ओच्यात तिला उचलून घरी आणतात आणि बशीत दूध ठेवतात. या तिघांत मला मुलांचे वागणे सर्वांत जवळचे वाटते, पण डॉक्टर म्हणून सर्वांत अधिक काळजी त्यांचीच वाटते.

प्रथम या प्राण्याची ओळख. आपल्या मुलांना ती घरी खार म्हणून आणि शाळेत खिसकोली म्हणून ठाऊक असते. सेतू बांधताना वाळूचे कण वाहणाऱ्या खारीच्या पाठीवरून श्रीरामांनी बोटे फिरविली, ही कथा आणि ‘खारीचा वाटा’ हा वाक्प्रचार आपल्याबरोबर खानदेशातून तापीकाठाने सुरतेपर्यंत आला. कथेतल्या खारीला तीन पट्टे असतात. आपल्या अंगणातल्या खारीला मोजून पाहिल्यास पाच भरतात; तिच्यावरून पूर्ण पंजा फिरला असावा असे म्हणावे! पाच पट्ट्यांची ही जात निराळी आहे, हे १९०५ साली मुंबई इलाख्यातील वनाधिकारी रॉटन यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातून प्रथम नोंदविले. शास्त्रात कोणत्याही जातीचे वर्णन ज्या ठिकाणच्या नमुन्यावरून केले जाते, ते तिचे मूळ ठिकाण मानले जाते. या खारीचे मूळ ठिकाण म्हणजे सुरत जिल्ह्यातील मांडवी तालुका. साऱ्या उत्तर भारतात दिसणारी ही खार शास्त्राच्या दफ्तरी सुरतकर आहे. आपण येथे पोटापाण्यासाठी आलो. ती आपल्या आधीपासून येथलीच.

आता तिचा तोल का जातो ते पाहू. कानाच्या आतल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नलिका, त्यांतला द्रव, तेथून निघणारी नस आणि मागे लहान मेंदू, ही सारी यंत्रणा खारीत आणि आपल्या दवाखान्यात येणाऱ्या बालकात मुळात एकाच आराखड्याची आहे. त्यामुळे ती कोठेही बिघडली की दिसणारे चित्रही सारखेच असते: मान एका बाजूला, चाल वाकडी, नजर अस्थिर. कारणे मात्र अनेक आहेत आणि त्यांतली बहुतेक साधी आहेत. पिल्लू घरट्यातून खाली पडते आणि डोक्याला मार लागतो. मांजराच्या दाताची जखम चिघळते. कानातला जंतुसंसर्ग आत उतरतो. रस्त्यावर वाहनाचा निसटता धक्का बसतो. एकटी, एखादीच खार गोल फिरताना दिसली तर यांपैकीच काहीतरी झाले असण्याचा संभव अधिक. तिला एका खोक्यात, अंधारात, उबेत ठेवावे, तोंडात बळेच पाणी ओतू नये आणि गुजरातमध्ये २०१७ पासून चालू असलेल्या करुणा पशु-रुग्णवाहिकेचा १९६२ हा क्रमांक फिरवावा. एवढे केले म्हणजे आपले काम झाले.

एक कारण मात्र मुलांच्या प्रेमातून उद्भवते. घरी आणलेल्या पिल्लाला गाईचे दूध, पाव, बिस्कीट आणि पुढे शेंगदाणे यांवर वाढविले जाते. प्रथम हगवण लागते. त्यातून वाचले तर काही आठवड्यांनी मागचे पाय लुळे पडतात, हाडे सहज मोडतात, झटके येतात. घरच्यांना वाटते, वारे गेले. वास्तविक तो कॅल्शियमचा अभाव असतो, कारण शेंगदाण्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अत्यल्प, आणि पिंजऱ्यात ऊन नाही. बालरोगतज्ज्ञाला हे वर्णन ओळखीचे वाटावे. मुडदूस झालेले, कॅल्शियम उतरल्यामुळे आकडी येऊन आणलेले बाळ आपण सर्वांनी पाहिले आहे. एका खोलीत सहा माणसे, खिडकीपुढे दुसऱ्या इमारतीची भिंत, बाळ दिवसभर आत, असा त्याचा घरचा इतिहास असतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सिंहाचे छावे मुडदुसाने मरत होते. ब्लँड-सटन या शल्यविशारदांनी त्यांना दूध, हाडांचा चुरा आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल देवविले व ते सुधारले. जीवनसत्त्व हा शब्दही जन्मला नव्हता तेव्हाची ही गोष्ट. जनावराच्या पिंजऱ्यात दिसलेले उत्तर माणसाच्या बाळापर्यंत पोहोचायला पुढे कित्येक वर्षे लागली.

दुसरे कारण विषाचे, आणि तेथे मला थोडे थांबायचे आहे. उंदरांचा उपद्रव आपल्या वस्तीत आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. त्यावर घरोघरी औषध ठेवले जाते. झिंक फॉस्फाईडची काळी पूड पिठाच्या गोळीत मिसळून टाकतात. रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या वड्या मिळतात. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट मिळते, ती पोळीच्या तुकड्याला किंवा बिस्किटाला लावून कोपऱ्यात सरकविली जाते. उंदरासाठी ठेवलेला तो तुकडा खारीला वर्ज्य नसतो. झिंक फॉस्फाईडने तिला झटके येतात. रक्त पातळ करणाऱ्या वडीने मेंदूत रक्तस्राव झाला तर ती झिंगल्यासारखी चालते. म्हणजे एखाद्या इमारतीच्या आवारात आठवड्याभरात दोन-तीन खारी लडखडताना दिसल्या, तर त्या इमारतीत कोठेतरी विष उघड्यावर पडले आहे असा संशय धरायला हवा. खारीचा हात जेथे पोहोचतो, तेथे रांगणाऱ्या मुलाचाही पोहोचतो.

पिवळ्या फॉस्फरसविषयी समाजबांधवांना मुद्दाम सांगतो, कारण त्याचे कपट निराळे आहे. मूल पेस्ट चाटते. नळी दंतमंजनासारखी दिसते, लावलेले बिस्कीट तर बिस्कीटच असते. पहिल्या दिवशी एक-दोन उलट्या होतात. नंतर एक-दोन दिवस मूल खेळते, जेवते. घरचे निर्धास्त होतात. त्यानंतर कावीळ दिसू लागते, यकृत बंद पडू लागते, आणि तेव्हा आपल्या हाती फार थोडे उरते. यावर उतारा असे औषध नाही. म्हणून ‘आता बरे आहे’ या मधल्या दिवसांवर विश्वास ठेवू नये. नळी पिशवीत घालून मुलासह त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे. माझे स्पष्ट मत आहे की लहान मुले असलेल्या घरात ही पेस्ट असूच नये. पिंजरा लावावा, धान्य झाकावे, भिंतीतली भोके बुजवावीत. पिंजऱ्याला मेहनत पडते, हे खरे.

परदेशातल्या बातम्या वाचून घाबरणाऱ्यांसाठी दोन शब्द. उत्तर अमेरिकेत रॅकून नावाच्या प्राण्याच्या आतड्यात एक जंत असतो. त्याची अंडी असलेली विष्ठा खारीच्या खाण्यात आली की अळ्या तिच्या मेंदूत शिरतात आणि ती अशीच मान वाकडी करून फिरते. माती खाणाऱ्या लहान मुलांनाही तेथे याच जंताने मेंदूचा गंभीर आजार झालेला आहे. रॅकून आपल्या रानात नाही. तेव्हा तिकडच्या खारीचे चित्रण पाहून इकडच्या खारीला तोच जंत चिकटविण्याचे कारण नाही. १९९७ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक पत्र छापून आले. अमेरिकेच्या केंटकी राज्यात खारीचा मेंदू खाण्याची जुनी चाल आहे आणि क्रॉइत्झफेल्ट-याकोब आजाराच्या पाच रुग्णांनी तो खाल्लेला होता, एवढेच त्यात होते. ‘वेड्या गाई’च्या भीतीने तेव्हा सारे जग ग्रासलेले. वर्तमानपत्रांना ‘वेडी खार’ मिळाली. तो आजार झालेली खार मात्र कोणाला सापडली नाही.

जर्मनीतली हकीकत याहून गंभीर आहे. २०११ ते २०१३ या काळात सॅक्सनी-अनहाल्ट भागातले तीन वयस्क गृहस्थ मेंदूज्वराने दगावले. नेहमीच्या तपासण्यांत काही सापडेना. तिघांत एक गोष्ट समान निघाली: तिघेही मध्य अमेरिकेतील रंगीत खारी हौसेने पाळत व त्यांची पैदास करीत. एकाच्या खारीत बोर्ना कुळातला नवा विषाणू मिळाला आणि तोच रुग्णांच्या मेंदूत आढळला. २०१५ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. या प्रकरणातील दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली ही, की विषाणू बाळगणारी ती खार आजारी दिसत नव्हती. रानातला प्राणी कितीही टवटवीत असला तरी तो अंथरुणात घेण्याचा नव्हे. दुसरी ही, की ‘तुम्ही घरी कोणते प्राणी पाळता?’ हा प्रश्न कोणीतरी विचारला, म्हणूनच तिघांचा धागा जुळला.

रेबीजविषयी पालक नेहमी विचारतात. खार चावली, लस घ्यायची का? आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे उंदीर, खार, ससा यांच्या चाव्यानंतर रेबीजच्या लसीची गरज क्वचितच पडते. मोठ्या जनावराने चावा घेतल्यावर इतका लहान जीव बहुधा वाचतच नाही, हे त्यामागचे एक कारण. सुदृढ खारीला हातात पकडल्यावर ती चावली तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, धनुर्वाताची लस पाहावी आणि डॉक्टरांना दाखवावे. पण ‘क्वचित’ म्हणजे ‘कधीच नाही’ असे नव्हे. चावा घेणारी खार तोल गेलेली असेल, किंवा कोणी न छेडता अंगावर आली असेल, तर मी लस देण्याच्या बाजूने झुकतो. काही सहकाऱ्यांना हे अतिसावधपणाचे वाटते. रेबीजने गेलेले एक मूल ज्याने पाहिले आहे, त्याच्याशी या मुद्द्यावर वाद घालू नये.

येथपर्यंतचा भाग व्यवहाराचा झाला. माझा खरा मुद्दा पुढेच आहे.

जनावराच्या चालीत पडलेला फरक हा माणसाच्या रोगाची पूर्वसूचना असू शकतो, हे आपल्या आजी-पणजींना आपल्यापेक्षा अधिक ठाऊक होते. ‘उंदीर पडले’ हे दोन शब्द ऐकताच खेडेगावातले लोक घरदार सोडून शेतात झोपड्या घालून राहत. १८९६ साली मुंबईत प्लेग आला; उंदीर व पिसू यांचा त्या रोगाशी असलेला संबंध पॉल-लुई सिमों यांनी कराचीत १८९८ साली दाखविला, आणि तेव्हाही पुष्कळ विद्वानांनी त्यांना हसण्यावारी नेले. खेड्यातल्या बाईला पिसूचे शास्त्र ठाऊक नव्हते. तिला घराच्या वळचणीखाली झिंगून मरणारा उंदीर काय सांगतो ते मात्र कळत होते.

सुरतेत राहणाऱ्या आपल्यापैकी ज्यांनी १९९४ पाहिले आहे, त्यांना निराळे सांगायला नको. त्या वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर पडू लागले होते. आदल्या वर्षीच्या किल्लारीच्या भूकंपानंतर घरे सोडून गेलेल्यांचे धान्य आत राहिले आणि उंदीर माजले, असे त्याचे कारण मानले जाते. पाठोपाठ गाठीच्या तापाचे रुग्ण आले. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगने माणसे मरू लागली. त्याआधी पुराचे पाणी वस्त्यांत शिरून ओसरले होते आणि घाण व मेलेली जनावरे तशीच पडली होती. मृतांची अधिकृत संख्या पन्नासच्या वर होती. लाखो लोक शहर सोडून गेले. भुसावळकडे जाणाऱ्या गाड्यांच्या टपांवर माणसे होती. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून नाहीशा झाल्या. मी तेव्हा नुकताच एमबीबीएसच्या टोकाला आलो होतो, आणि हा प्लेग आहे की नाही यावर ज्येष्ठ प्राध्यापक एकमेकांशी भांडत होते. तो प्लेगच होता, हे पुढे जनुकीय तपासणीने पक्के केले. १९९५ मध्ये आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी शहर धुऊन काढले, त्याचे कौतुक देशभर झाले आणि ते रास्तच होते. पण उंदरांचे मरण ही बातमी एका जिल्ह्यातून दुसऱ्या राज्यातल्या डॉक्टरांच्या टेबलापर्यंत कशी पोहोचावी, याची व्यवस्था झाडूने होत नाही.

जपानमधल्या मिनामाता गावाची गोष्ट बालरोगतज्ज्ञाने तर विसरूच नये. १९५० नंतरच्या काही वर्षांत तेथील कोळीवाड्यातली मांजरे विचित्र वागू लागली. झोकांड्या खात, जागच्या जागी उड्या मारीत, काही तर समुद्रात पडून मरत. लोक त्याला मांजरांच्या नाचाचा रोग म्हणत. एप्रिल १९५६ मध्ये एका पाच वर्षांच्या मुलीला चालता येईना, बोलता येईना, म्हणून कारखान्याच्या रुग्णालयात आणले. दोन दिवसांनी तिची धाकटी बहीण आली. रुग्णालयाचे प्रमुख डॉ. होसोकावा यांनी १ मे रोजी हा अज्ञात मेंदूरोग सरकारी आरोग्य कार्यालयाला कळविला. कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा माशांत आणि माशांतून मांजरांत व माणसांत गेला होता. १९५९ साली होसोकावांनी तेच सांडपाणी एका मांजराला अन्नातून दिले. ‘मांजर क्रमांक ४००’ म्हणून ते वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. त्याला तसेच झटके आले. कंपनीने तो निष्कर्ष दाबून ठेवला. होसोकावांनी न्यायालयापुढे साक्ष दिली ती १९७० मध्ये, स्वतः मरणशय्येवर असताना. मांजरे नाचू लागली त्या वर्षी कोणी मासे तपासले असते, तर त्या दोन बहिणींचे काय झाले असते, हा विचार मनातून जात नाही. आपणही पांडेसरा आणि सचिनच्या औद्योगिक वसाहतींच्या शेजारी राहतो, खाड्यांचे बदलते रंग पाहतो. येथे मिनामाता आहे असे मी म्हणत नाही. तसे म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. खाडीकाठची जनावरे कशी चालतात इकडे कोणाचे लक्ष असावे, एवढेच म्हणतो.

आणि सूचना वेळेवर वाचली गेल्याचे उदाहरणही आपल्याच महाराष्ट्रात आहे. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ जंगलात जाणारी माणसे तापाने पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्यामागचा विषाणू शोधला. गोचिडीतून तो पसरतो आणि उंदीर, चिचुंद्री, खार अशा लहान प्राण्यांत तो राहतो. काही रुग्णांत ताप उतरल्यावर पुन्हा चढतो आणि मेंदूची लक्षणे दिसतात. २०१६ च्या आरंभी हा माकडताप सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात आला, पुढे बांद्याच्या बाजूला. तेथील काजूबागांत काम करणाऱ्या साध्या माणसांना आता मेलेले माकड दिसले की हात न लावता कळवायचे असते, हे ठाऊक आहे. माकड कोठे मेले ते कळले की भोवतालच्या जागेची काळजी घेता येते, लोकांना अंगाला तेल लावून जाण्यास सांगता येते. सारी मदार कळविणाऱ्यावर आहे.

आता आपल्या केसपेपरकडे वळू. २०२४ च्या जून ते ऑगस्ट या काळात गुजरातेत मुलांमध्ये मेंदूज्वराची साथ आली. जागतिक आरोग्य संघटनेने १५ ऑगस्टपर्यंतचे साऱ्या देशाचे आकडे दिले ते असे: तीव्र मेंदूज्वराचे २४५ रुग्ण, ८२ मृत्यू, त्यांपैकी चांदीपुरा विषाणू सिद्ध झालेले ६४. हा विषाणू १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा येथील रुग्णांच्या रक्तात सापडला, म्हणून त्याचे नाव मराठी गावाचे. मातीच्या भिंतींच्या भेगांत राहणारी सँडफ्लाय तो पसरविते. त्याचा खारीशी काही संबंध नाही, हे आधीच स्पष्ट करतो. माझे लक्ष दुसऱ्या आकड्याकडे आहे. २४५ मधून ६४ वजा केले की १८१ उरतात. ही १८१ मुले कशाने आजारी पडली? काहींना दुसरे विषाणू असतील, काहींचे नमुने उशिरा घेतले गेले असतील, काहींच्या पोटात विष असेल. मेंदूज्वराच्या मोठ्या संख्येच्या रुग्णांत अखेरपर्यंत कारण सापडत नाही, हे केवळ आपल्याकडेच नाही, जगभर आहे. प्रयोगशाळा जेथे थांबते तेथे इतिहास कामी येतो, असे आपल्याला शिकविले गेले आहे.

आपण मेंदूज्वराच्या मुलाचा इतिहास घेतो तेव्हा ताप किती दिवस, उलटी, झटका, लसी, घरात क्षय, गावाला गेला होता का, एवढे विचारतो. आपल्या वस्तीत शेवटचा प्रश्न फार मोलाचा. मे महिन्यात सारी मुले धुळे, जळगाव, नंदुरबारकडे आजोळी जातात आणि जूनमध्ये परततात. त्याला जोडून आणखी एक प्रश्न असावा असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे: ‘गेल्या महिनाभरात घरात, अंगणात, गोठ्यात एखादे जनावर, पाखरू, खार, उंदीर झिंगताना किंवा मेलेले दिसले का? कोणी हाताळले का?’ या प्रश्नाला दहा सेकंद लागतात. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा उत्तर ‘नाही’ येईल. शंभराव्या वेळी आई म्हणेल, ‘हो, उंदराचे औषध ठेवले होते, तेव्हा दोन खारी मेल्या’, आणि आपण मेंदूज्वर समजत होतो त्या मुलाच्या यकृताच्या तपासण्या तातडीने होतील.

यावर आक्षेप येतील, ते मला दिसतात. ऐंशी रुग्णांच्या ओपीडीत खारीची चौकशी कोण करणार? हे काम पशुवैद्यांचे, वनखात्याचे, महापालिकेचे. बरोबर आहे. पण पशुवैद्य खारीला पाहतो, आपण मुलाला पाहतो आणि दोघांच्या मधल्या अंगणाला कोणी पाहत नाही. दिल्लीत आता ‘वन हेल्थ’ हा शब्द रूढ झाला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरला त्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेची कोनशिलाही बसविली गेली. संस्था उभ्या राहाव्यात. तरीही नवागामच्या एखाद्या गल्लीत तीन खारी मेल्या ही खबर नागपूरला आपोआप पोहोचणार नाही. ती आधी कोणाच्या तरी वहीत उतरावी लागेल.

दुसरा आक्षेप भीतीचा. असे प्रश्न विचारू लागलो तर लोक खारी मारतील, झाडे तोडतील. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. म्हणूनच विचारताना पहिले वाक्य ‘खारीपासून धोका नाही’ हेच असावे, कारण बहुतेक वेळा ते सत्य आहे. विष ठेवणारा माणूस असतो आणि बळी ती असते. मुलाने खार उचलून आणली म्हणून त्याला रागावू नये. हात धुवायला लावावे, कोठे सापडली ते विचारावे आणि त्याच्यासमोर १९६२ ला फोन करावा. पुढच्या वेळी तो हात न लावता येऊन सांगेल. मोठ्यांपेक्षा मुलांची नजर जमिनीजवळ असते. झिंगणारी खार प्रथम त्यांनाच दिसते.

माझी सूचना आपल्या मंडळापुढे ठेवतो. मंडळातल्या प्रत्येक दवाखान्याने आपापली आकडेमोड करण्याऐवजी एकच सामाईक वही असावी. तीत तारीख, गल्ली, कोणते जनावर, काय दिसले, विष ठेवले होते का, कोणी हाताळले, एवढेच रकाने. कोणाचे नाव नको. एका गल्लीतून एका आठवड्यात तीन नोंदी आल्या की महापालिकेच्या आरोग्य विभागाला व पशुवैद्यकीय खात्याला त्याच दिवशी लेखी कळवायचे आणि पोच घ्यायची. समाजाच्या शिक्षक बंधू-भगिनींनी शाळांतून मुलांना सांगावे, औषध दुकानदार मित्रांनी फॉस्फरसची पेस्ट मागणाऱ्याला घरात लहान मूल आहे का एवढे विचारावे. पहिले सहा महिने ती वही माझ्या दवाखान्यात, कंपाउंडरच्या टेबलावर ठेवण्याची माझी तयारी आहे. पावसाळ्यापूर्वी पाने आखून झाली, तर जूनमध्ये गावाहून परतणाऱ्या मुलांपासूनच नोंदी सुरू करता येतील.